गटारीची कोळंबी, लोकरीचा गालिचा आणि तोंडावर आलेली मंगळागौर

मुलुंड_पूर्व
शुक्रवार, रात्री ११.२०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

गेल्या रविवारी आमच्याकडे गटारी झाली. अमावास्या काल गुरुवारी होती, पण गुरुवारी आमच्यातले निम्मे खात नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस, म्हणून दरवर्षीप्रमाणे आधीच्या रविवारी उरकली. आई चार दिवस धाकट्या भावाकडे डोंबिवलीला गेली होती, म्हणून तर कार्यक्रम आमच्याकडे. ऑफिसचे चौघे आणि माझा मेव्हणा. पावसाळी मासेमारी बंदीचे दिवस, कोळंबी सोन्याच्या भावाने, तरी दीड किलो आणली. बायकोने नारळाच्या दुधातला रस्सा केला आणि टोप थेट हॉलमध्ये टीपॉयवर आणून ठेवला, ‘आपापलं वाढून घ्या’ म्हणून. मेव्हणा बाटली उघडायला वाकला, त्याचं कोपर टोपाला लागलं. अर्धा टोप गालिच्यावर, टोपामागोमाग बाटली. रस्सा वाया गेल्याचं दुःख सगळ्यांना झालं, गालिच्याचं मला एकट्याला.

कोळंबी वेचली (मेव्हण्याने त्यातल्या दोन-तीन तोंडात टाकल्या, जाऊ दे), आणि रात्री बारा वाजता मी गिझरचं कढत पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि लादी घासायचा ब्रश घेऊन बसलो. सोमवारी सकाळी वाटलं, जमलं. मंगळवारी वास उठला. ससून डॉकला पहाटे येतो तसा नाही, त्या वासात काहीतरी ताजं तरी असतं. हा म्हणजे दुपारी चार वाजता धुऊन बंद केलेल्या मासळी बाजाराचा.

मग एकेक उपाय. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा भुरभुरला. गालिचा अजून ओलसर होता आणि क्रीम रंगाच्या किनारीवर हळदीचा जो पिवळा डाग होता तो डोळ्यांदेखत लाल झाला. बायको म्हणाली, ‘छान, गालिच्याला कुंकू लावलंत.’ दोन दिवस मोगऱ्याचा रूम फ्रेशनर मारला, तर गजरा माळलेल्या कोळंबीचा वास यायला लागला. कुठेतरी वाचून कॉफी पावडरही टाकली. ती चिकटली. आता तिथे कॉफीचाही डाग आहे.

बुधवारी आई परत आली. चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारलं, ‘सुकट आणलीत का रे घरात?’ रश्श्याचं कबूल केलं. बिअरचं अजून केलेलं नाही.

आज श्रावण लागला. येत्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी भावाच्या बायकोची पहिली मंगळागौर आहे, आणि त्यांचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून ती आमच्याकडे. पंधरा-वीस बायका येणार. खेळताना गालिचा गुंडाळून ठेवू हो, पण वन बीएचकेत ठेवू कुठे? ज्या खोलीत ठेवू ती खोली नासणार.

गालिचा पाच बाय सातचा, लोकरीचा, भदोहीचा, मरून रंग. २०११ मध्ये लग्नात मामाने दिलेला, हातगाठीचा आहे असं सांगून. दोन लॉण्ड्र्यांना विचारलं. एक पावसात गालिचे घेतच नाही. दुसरा म्हणाला तीन आठवडे, ‘आणि ऊन नाही पडलं तर सांगू शकत नाही, साहेब.’ बाहेर तर बघताच आहात, गच्चीवर टॉवेल वाळत नाहीये.

काय करू?


टवाळ
शुक्रवार, रात्री ११.३४

गालिचा ठेवा. मेव्हणा बदला.


गिरगावची_काकू
शनिवार, सकाळी ७.०५

सोड्याने मासळीचा वास जात नाही रे बाबा. मासे साफ केल्यावर आपण हाताला काय चोळतो? लिंबाची साल. बांगड्याला आधी काय लावतो? कोकमाचं आगळ नाहीतर चिंचेचा कोळ. आंबट लागतं त्याला. माझी सासू विळी आणि पाट दोन्ही चिंचेच्या चोथ्याने घासायची, साबण नंतर.

पण म्हणून गालिच्यावर आगळ ओतू नकोस हो, नाहीतर आणखी एक रंग चढेल. पांढरं व्हिनेगर आण, वाण्याकडे मिळतं, चायनीज करायला लोक नेतात ते. पाण्यात घालून लाव. आणि आईला बिअरचं सांगून टाक. तिला कळलेलं असणार.


जुना_हाउसकीपर
शनिवार, सकाळी १०.५०

काकूंनी मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. मी थोडं लांबण लावतो, माफ करा. दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात ३१ वर्षं हाउसकीपिंगला काढली. बँक्वेट हॉलचे गालिचे माझ्याकडे होते. लग्नाचा सीझन संपला की त्या गालिच्यांत काय काय मुरलेलं असायचं, ते इथे लिहीत नाही.

आधी गालिचा उलटा करून बघा. मागच्या बाजूला पुढचीच नक्षी बारीक गाठींत दिसली तर हातगाठीचा. मागे जाडसर कापड डकवलेलं असेल तर टफ्टेड. म्हणजे लोकर बंदुकीने कापडात घुसवायची, मागून लॅटेक्सचा चीक लावायचा आणि वर अस्तर चिकटवायचं. भदोहीत दोन्ही बनतात. दोघांत फरक असा की हातगाठीचा गालिचा आरपार धुता येतो, टफ्टेडमध्ये रस्सा लोकरीतून उतरून चीक आणि अस्तराच्या मध्ये जाऊन बसतो. तुम्ही वरून घासत राहता, वास खालून येत राहतो.

लोकर खरी आहे का तेही बघा. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरून मोरीत जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर सिंथेटिक.

आता वासाचं. समुद्रातल्या मासळीचा, कोळंबीचा तो ठरावीक वास ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या पदार्थाचा. मासळी ताजी असताना तो जवळपास नसतो, जंतू नंतर तयार करतात. म्हणून तुमचा सोमवार बरा गेला आणि मंगळवारी वास उठला. हा पदार्थ अल्कली जातीचा आहे. त्याला आम्ल मिळालं की त्याचं मीठ बनतं, ते हवेत उडत नाही, नाकापर्यंत पोचत नाही आणि पाण्याबरोबर निघूनही जातं. सोडा स्वतःच अल्कली, तो याचं काय वाकडं करणार? आणि हळदीला अल्कली मिळालं की ती लाल होते. कुंकू हळदीला चुना लावूनच करत आले आहेत, वहिनी थट्टेत खरं बोलल्या. आम्ल लागलं की तो डाग पुन्हा पिवळा होईल, घाबरू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. नारळाचं दूध. ते तूप जसं धाग्याला धरून बसतं तसं बसलेलं असणार, आणि वास त्या चरबीत कोंडलेला आहे. नुसतं व्हिनेगर मारलंत तर वरचा थर गप्प बसेल आणि दोन दिवसांनी परत येईल. आधी चरबी काढा. लोकरीच्या कपड्यांचं ईझीसारखं लिक्विड, लहान बादलीत एक चमचा, पाणी गार. कढत पाण्याने कोळंबीतलं प्रथिन धाग्यावर शिजून बसतं. ते तुम्ही रविवारी केलंत, झालं ते झालं. कपड्यांची पावडर आता नको. तिच्यात बहुधा प्रथिनं खाणारी एन्झाइम्स असतात, आणि लोकर म्हणजे प्रथिनच, मेंढीचे केस. ती डागाबरोबर गालिचाही खातात.

ब्रश नाही. ओला पंचा पिळून टिपायचं, कडेकडून मधे. मग साध्या पाण्याने तसंच टिपून साबण काढायचा. बिअरची साखरही यातच जाईल. ती राहिली तर जागा चिकट राहते आणि आठवड्यात काळी पडते. मग एक वाटी पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या गार पाणी, स्प्रे बाटलीत. आधी कोपऱ्यात मारून पांढऱ्या रुमालाने दाबून बघा, मरून रंग सुटतोय का. सुटत नसेल तर डागापेक्षा चार बोटं जास्त जागेवर मारा, दहा मिनिटं थांबा, टिपा. टिपायचं कसं, तर कोरडा पंचा चौपदरी घाला, त्यावर देवघरातला नव्हे, जेवणाचा पाट उपडा ठेवा आणि पाटावर उभे राहा. पंचा ओला झाला की दुसरा. पंचा कोरडा निघेपर्यंत. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर कुणाकडे असेल तर सोन्याहून पिवळं.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र करू नका. फसफसतं छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात खारं पाणी उरतं. आणि ब्लीच तर गालिच्यापासून लांबच ठेवा. लोकर त्यात विरघळते, शिवाय व्हिनेगरला लागलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता खरी परीक्षा, वाळवणं. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. त्या फसवणुकीने पावसात निम्मे गालिचे कुजतात. बेडरूममध्ये एसी असेल तर चार प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडून त्यांवर गालिचा उलटा पसरा, अस्तर वर. खाली टेबल फॅन. दारं-खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर. दोन दिवस तरी. खिडकी उघडी ठेवलीत तर मुलुंडची सगळी हवा वाळवत बसाल.

गालिच्याखाली काय आहे ते लिहिलं नाहीत. रबराची किंवा फोमची शीट असेल तर ती टाकून द्या, तिच्यावर मेहनत करू नका. लादीचे सांधेही व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्या, सिमेंट वास पितं. मात्र लादी संगमरवरी असेल तर तिथे व्हिनेगर नको, चमक जाते.

शेवटचं. वास गेला की नाही हे तुम्ही ठरवू नका. दोन तास एका वासात बसलं की नाक त्याची नोंद घेणं सोडून देतं. घरात नसलेलं माणूस बोलवा.


मुलुंड_पूर्व
रविवार, रात्री ९.१५

काका, काय आणि किती आभार मानू.

गालिचा उलटा केला. अस्तर. डकवलेलं. हातगाठीचा वगैरे काही नाही. मामा ८१ वर्षांचे आहेत आणि अजून प्रत्येक भेटीत ‘हातगाठीचा आहे, जपा’ म्हणतात, तेव्हा ही गोष्ट या धाग्याबाहेर जाऊ देऊ नका. धागा मात्र केस जळल्यासारखाच जळला, म्हणजे लोकर तरी खरी.

खाली घसरू नये म्हणून पिवळ्या फोमची शीट होती. ती उचलली आणि मी दोन पावलं मागे सरकलो. मधोमध ताटाएवढा काळपट गोल, बोटाने दाबला तर ओला. आठवडा झाला तरी ओला! तीन पिशव्यांत बांधून सरळ कचऱ्यात दिली. वॉचमनने विचारलं, काही मेलं का.

तुम्ही सांगितलं तसं काल दुपारपासून लागलो. पाटावर आधी मी उभा राहिलो, मग बायको म्हणाली तुमच्या ७० किलोंनी काय होतंय, दोघं राहू. दोघं पाटावर, एकमेकांना धरून, खाली पंचा. आई स्वयंपाकघरातून बघून आत गेली. सात पंचे लागले. पहिल्या दोनांत पिवळं आणि तेलकट आलं, तिसऱ्यात चहाच्या पाण्यासारखं, सातवा जवळजवळ कोरडा. व्हिनेगर लागताच कुंकवाची हळद झाली, हे बघायला मुलाला बोलावलं. तो नववीत आहे, म्हणाला हे आम्हाला प्रयोगवहीत आहे. मग आधी का नाही बोललास?

आता गालिचा बेडरूममध्ये खुर्च्यांवर आहे, एसी ड्रायवर, आणि आम्ही चौघं हॉलमध्ये गाद्या घालून.

परीक्षक म्हणून समोरच्या काकूंना नेमलं आहे. कांदा-लसूणही खात नाहीत, त्यामुळे यंत्र अचूक. दोन दिवसांनी बोलावतो.


चिऊची_आई
सोमवार, दुपारी १.४०

मध्येच घुसते, रागवू नका. आमच्याकडे मासळी नाही, दूध आहे. मुलीने बाटली गालिच्यावर उपडी केली, मला दोन दिवस पत्ता नाही. आता उलटी झाल्यासारखा आंबूस वास येतो. गालिचा पॉलिप्रॉपिलीनचा आहे, पट्टीवर लिहिलंय. व्हिनेगरच मारू का?


जुना_हाउसकीपर
सोमवार, दुपारी ३.१०

नाही, तुमचं उलट आहे. नासलेल्या दुधाचा वास आम्लांचा. त्यातलं ब्युटिरिक आम्ल उलटीतही असतं, तुमचं नाक बरोबर सांगतंय. तिथे सोडा कामाचा. पण आधी दूध काढा, नाहीतर सोडा कितींदा टाकाल? तुमचा गालिचा सिंथेटिक आहे, म्हणून एन्झाइमवालं क्लीनर बिनधास्त वापरा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं, कुत्र्या-मांजरांनी घाण केली तर वापरतात ते. गार पाण्याने टिपून घ्या, मग ते दूध जितकं खोल गेलं असेल तितकं खोल जाईल असं ओता, वर ओला पंचा झाका आणि बाटलीवर लिहिलेला वेळ होईपर्यंत सुकू देऊ नका. सुकलं की एन्झाइमचं काम थांबतं. लोक पाच मिनिटांत पुसतात आणि मग बाटलीला नावं ठेवतात. नंतर पाण्याने टिपून पूर्ण वाळवा. सोडा सगळ्यात शेवटी, रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. बाळ रांगत असेल तर व्हॅक्यूम दोनदा फिरवा.


मुलुंड_पूर्व
बुधवार, सकाळी ८.००

काल परीक्षा झाली आणि नापास झालो.

गालिचा खडखडीत वाळला, अस्तरावर गाल ठेवून बघितला. आणून हॉलमध्ये घातला. समोरच्या काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या, नाक वर करून म्हणाल्या, ‘कमी आहे, पण आहे.’ मी गालिचा उचलून परत बेडरूममध्ये नेला, दार लावलं आणि त्यांना आत बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘अजून आहे. इथे.’ आणि बोट सोफ्याकडे.

सोफा धुतलेला नाही, पण सोफ्यावर काही सांडलंही नव्हतं. कुशन काढून बघितली, काही नाही. काका, हा वास भिंतीत जातो का?


जुना_हाउसकीपर
बुधवार, सकाळी ९.२५

भिंतीत नाही जात इतक्यात. सोफा आडवा करा आणि पाय बघा. लादीवर ओरखडे नकोत म्हणून पायाखाली काही चिकटवलं आहे का?


मुलुंड_पूर्व
बुधवार, सकाळी ९.५०

आत्ता ऑफिसला उशीर झालाय पण हे लिहिल्याशिवाय निघत नाही.

फेल्टच्या चकत्या. चार पायांना चार, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, मीच दिवाळीत चिकटवलेल्या. तीन राखाडी. चौथी पिवळी. नखाने उचकटली, नाकाशी नेली आणि अख्खा रविवार आठवला. बिअरसकट.


टवाळ
बुधवार, सकाळी ९.५८

मेव्हण्याला फ्रेम करून द्या.


मुलुंड_पूर्व
पुढचा बुधवार, रात्री १०.३०

काल मंगळागौर झाली. बायका अठरा, पहाटे दोनपर्यंत फुगड्या. खालच्या मजल्यावरच्यांनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा त्यांच्याच घरातली सून वर येऊन खेळायला लागली, मग फोन बंद झाले.

पाय बदलल्यावर (म्हणजे चकती बदलल्यावर, आणि ती लाकडाची तळपट्टी व्हिनेगरने पुसून) गेल्या गुरुवारी काकूंनी पास केलं होतं. तरी मी धसका घेऊन शनिवारी गालिच्यावर सोडा टाकला, या वेळी ठणठणीत कोरड्यावर, आणि रविवारी व्हॅक्यूम केला. व्हिनेगरचा थोडा आंबट वास राहिला होता तोही त्याने गेला. मंगळवारी खेळांच्या वेळी गालिचा गुंडाळून बेडरूममध्ये, आणि तिथेच कडेला आजेसासूबाईंना बसवलं होतं, भावाच्या. नव्वदीच्या आहेत, नाक शाबूत आहे. मी पाणी द्यायला गेलो तेव्हा गालिच्यावर हात फिरवत म्हणाल्या, ‘हातगाठीचा आहे का रे?’ मी हो म्हटलं.

हळदीचा डाग फिका झाला आहे, गेलेला नाही. काका म्हणतात का माहीत नाही, पण बायको म्हणते हळद उन्हाने उडते, बाळाच्या पिवळ्या दुपट्यांचं तसंच व्हायचं. म्हणजे आता ऑक्टोबर. गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना सांगून ठेवलं आहे.

आईला बिअरचं सांगितलं. म्हणाली, ‘बाटलीचं झाकण मला बुधवारीच सापडलं होतं. तुळशीच्या कुंडीत.’


गिरगावची_काकू
पुढचा बुधवार, रात्री १०.४१

म्हटलं नव्हतं?